हललेली काच

सगळी गल्ली बाबांना मागून 'हलूनका' म्हणायची, आणि नाव ठेवणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. बाबांच्या दुकानात रसायन लावलेल्या ओल्या काचेवर फोटो काढायचा म्हणजे लेन्सची टोपी काढल्यापासून परत लावेपर्यंत समोरच्यानं पुतळा व्हायचं. बाबा मोठ्यानं आकडे मोजायचे आणि मधेच गुरकायचे, "हलू नका." मग समोर तान्हं बाळ असो की न्यायाधीश. जो हलला त्याची काच तिथल्या तिथे खरवडून पुन्हा वापरात. न हललेल्या काचेला मात्र वॉर्निश चढायचं, आणि ते चढलं की काच कायमची.

या नेमातून घरचंही कुणी सुटलं नाही. बाबा मोजायला लागले की समोर बसलेल्या आईचे खांदे हसू दाबता दाबता गदगदायला लागायचे. दर वेळी काच खरवडली जायची आणि वर तीच म्हणायची, "राहू दे, पुढच्या खेपेला बघू." त्या पुढच्या खेपेची वाट बघताबघता आई गेली. भिंतभर परकी माणसं टांगलेली, आणि तिचा एकही फोटो नाही. लेकीला हे फार लागायचं.

आता दुकान लेकच चालवत होती. बाबांचे हात थरथरायला लागले होते. चहाचा कप बशीत वाजायचा. निदान यांची तरी एक काच घरात राहावी, असं तिनं मनात घेतलं होतं.

"मला बसवून काय करणार? काच वाया जाईल," बाबा म्हणायचे.

"जाऊ दे. दुकान माझं, काच माझी."

शेवटी एकदाचे बसले. मान टेकवायचा लोखंडी टेकू स्वतःच सारखा करून घेतला, वर तिला उजेडावरून दोन शब्द सुनावले. तिनं काचेवर चिकट कलोडियन ओतून चारी कोपऱ्यांना फिरवलं, अंधारखोलीत काच चांदीच्या पाण्यात बुडवली आणि वाळायच्या आत धावतपळत कॅमेऱ्यात बसवली. कलोडियनमधल्या ईथरच्या त्या वासानं तिला शाळेतून घरी आल्यासारखं वाटलं. तेव्हा बाबा चांदीच्या पाण्यानं काळ्या पडलेल्या बोटांनी तिची वेणी ओढायचे आणि आई आतून ओरडायची, आधी हात धुवा म्हणून.

तिनं टोपी काढली, मोजायला लागली. "हलू नका" म्हणणं तिच्या जिवावर आलं. बाबांनी थरथरणारा उजवा हात डाव्यानं दाबून धरला, तर दोन्ही थरथरू लागले.

अंधारखोलीत चित्र पक्कं करणाऱ्या हायपोच्या पाण्यात काचेवरचा दुधाळ पडदा विरला आणि चेहरा वर आला. मिशीचा केस न् केस साफ. मांडीवर हातांच्या जागी मात्र नुसता पांढरा धूर.

चित्र उठून दिसावं म्हणून बाबांनी काच काळ्या कापडावर ठेवली. खरवडायची पट्टी त्यांच्या कोपराशीच पडली होती. लेकीनं ती हळूच बाजूला सरकवली, आणि ते त्यांनी बघितलं.

"हात हललेत," ते म्हणाले.

"हो."

ते काचेवर वाकले.

"तुझी आईसुद्धा अशीच यायची. खांदे असेच धुरात गेलेले असायचे. चेहरा चांगला यायचा गं."

लेकही काचेवर वाकली.

"वॉर्निश तापव," बाबा म्हणाले.

"हललेल्या काचेला?"

"हलू देत. माझेच हात आहेत ते."