तेवढंच वजन

"काटा खोटं बोलत न्हाई," हे आमच्या अण्णांचं पालुपद. कळायला लागल्यापासून ऐकत आले. मानवतच्या मोंढ्यात आमची आडत हाय. बसवंतरावांचा, म्हंजे अण्णांचा, काटा म्हणलं की खेड्यापाड्यातला माणूस डोळे झाकून पोतं ठेवतो. खोटं कशाला बोलू, मलाबी त्याचा लय अभिमान व्हता. आता तो काटा दिसला की मस्तकात तिडीक जाती.

मी त्रिवेणी, अण्णांची थोरली. मला पूर्णेला दिली, नवरा मल्लेश रेल्वेत हाय. माझ्या पाठचा श्रीशैल, एकुलता एक भाऊ. आई गेल्यापासून आडत तोच बघायचा. दारूचा थेंब कधी तोंडाला लावला न्हाई त्यानं, तरी त्याचं लिव्हर सडलं. कधीतरी झालेली कावीळ आत दबून राहिली म्हणे. गाव काय गप बसतंय? "लपून घेत आसल," म्हणायले. लोकांच्या जिभेला काय हाड आसतंय का?

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणले, घरातल्या कुणी लिव्हरचा तुकडा दिला तर हा वाचेल. अण्णांचं वय बसंना. ऋतुजाचा, म्हंजे श्रीशैलच्या बायकोचा, रक्तगट जुळंना. माझा जुळला. मल्लेशला फोन केला तर तो एवढंच म्हणला, "भाऊ तुजा हाय, मला कामून इचारायलीस?" त्या एका वाक्यासाठी त्या माणसाचे शंभर गुन्हे माफ.

मग माझी तपासणी झाली अन् तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. "तुमच्या लिव्हरवर चरबी आहे," डॉक्टर म्हणले. "अशा लिव्हरचा तुकडा काढणं तुम्हालाही धोक्याचं आणि त्यालाही. रोज चाला, घाम गाळा, गोड आणि तळलेलं बंद करा. आठ-दहा किलो वजन उतरलं की साधारणपणे ही चरबीही उतरते. तीन महिन्यांनी या, पुन्हा फोटो काढून बघू. तेवढा वेळ आहे आपल्याकडे."

तिथल्या काट्यावर मी अठ्ठ्याहत्तर भरले. अण्णा मागंच उभे व्हते. डॉक्टर एवढं बोलले, त्यातलं अण्णांनी पदराला काय बांधून आणलं, तर आठ-दहा किलो. जन्मभर किलोत जगलेला माणूस. बाकीचं त्यांच्या लेखी निव्वळ बोलणं व्हतं.

मी मानवतलाच राह्यले. उजाडायच्या आत उठायचं अन् मानवत रोड टेशनाच्या वाटंला लागायचं. पहिल्या दिवशी पेट्रोल पंपापर्यंत गेले अन् तिथंच कठड्यावर बसले. छाती भात्यासारखी वरखाली व्हायलीती. एक म्हातारं सायकलवरून उतरून इचारायलं, "बाई, पाणी पाहिजे का?" मला रडू आलं. म्हणलं, त्रिवेणे, तुज्या अंगात भाऊ हाय, उठ. उठले.

खाण्याचं तर काय सांगू. ज्वारीची आर्धी-कोर भाकर, पालेभाजी, ताक. भात बंद, शेंगदाण्याची चटणी बंद, साखर तर इखावानी टाकली. ऋतुजाच्या लेकराच्या वाढदिवसाला आख्ख्या घरानं केक खाल्ला अन् मी मागच्या दारी काकडी चावत बसले. दुपारी आडतीवर जायचे. हमाल बाया पाट्या उचलायच्या, मीबी उचलायचे. आधी त्या हसल्या. "आक्का, सावकाराच्या लेकीनं हे काय काढलं?" पुढं पुढं त्याच म्हणायल्या, "आक्का, थांबा की जरा, आमचा दम निघायलाय."

दर सोमवारी पूजा झाली की कपाळाला विभूती लावून आमी तिघं आडतीवर जायचो. अण्णा आधी काट्याला हात लावून पाया पडायचे. मग मी वर चढायचे. मग श्रीशैल. त्याची तब्येत टिकून हाय का, हे बघायचा अण्णांचा तोच एक मार्ग.

अठ्ठ्याहत्तर.

पुढच्या सोमवारी एक किलो उतरलं. त्याच्या पुढच्या सोमवारी ते परत चढलं. मग काटा जो अठ्ठ्याहत्तरावर बसला, तो बसलाच. मुरदाडावानी.

श्रीशैलचं बासष्ट. तेबी हालंना. पर त्याचं हालत न्हाई म्हणून अण्णा खूश, अन् माझं हालत न्हाई म्हणून अण्णांच्या कपाळाला आठ्या.

एका सोमवारी ते हमालांच्या देखत म्हणले, "त्रिवेणे, खरं सांग. चोरून खायलीस का काय?"

आग लागली अंगाला. "अण्णा," म्हणलं, "जोड्यानं हाणा मला, पर हे नका म्हणू. माझ्या तोंडाची चव गेली, झोपंत जिलेब्या दिसायल्यात मला, अन् तुमी मला चोर म्हणायलाव?"

श्रीशैल काट्याजवळच्या खुर्चीवर बसला व्हता. आमचं भांडण मिटवायची त्याची जुनीच तऱ्हा. "अण्णा," म्हणला, "आक्कानं कापसावानी पाणी मारून घेतलं आसल. हात घालून बघा की जरा." हमाल हसले. अण्णांनाबी हसू आलं. कापसाला पाणी मारून वजन वाढवणारे गाडीभर बघितले त्यांनी. नुसता ढिगात हात घातला की सांगायचे, "कोरडा हाय," न्हाईतर, "पाणी हाय, उचल माल." मोंढ्यात त्यांच्या हाताची शपथ घ्यायचे लोकं.

इकडं ऋतुजा माझी झंपरं उसवून आत घ्यायलीती. एकदा घेतली, दोनदा घेतली. तिसऱ्यांदा म्हणली, "आक्का, आता शिलाईला जागा न्हाई. नवीच शिवावी लागतील. तुमी बारीक झालाव हो." मी म्हणलं, "काट्याला सांग." बांगड्या कोपरापर्यंत सरकायल्या. टेशनापर्यंत जाऊन मागं यायची मी, अन् धाप म्हणून लागायची न्हाई. जिन्याच्या पायऱ्या कधी सरल्या ते कळायचं न्हाई. आसं अंग मला सोळाव्या वर्षीबी नव्हतं. पर ह्या सगळ्याला कोण इचारतंय? आमच्या घरात जे काट्यावर भरत न्हाई, ते नसतंच.

तीन महिने सरले. ऋतुजानं अण्णांपुढं इषय काढला, "मामा, डॉक्टरनं बोलावलंय. जाऊन तर येऊ."

"काय घेऊन जायचं?" अण्णा म्हणले. "अठ्ठ्याहत्तर घेऊन? बाई, मोंढ्यात एकदा ढिगावर फुली पडली की दुसरा कुणी त्याला हात लावत न्हाई. माल तयार नसताना बोलीला ठेवायचा नसतो. एकदा हिला नापास केली तर परत कोण इचारल? दुसरं लिव्हर कुठून आणायचं आपण? आठ किलो उतरू दे, मग ताठ मानेनं जाऊ."

"अन् ह्यांचं पोट फुगायलंय, मामा. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायलाय."

"गोळ्या चालू हायेत ना? वजन बघ की. बासष्टला बासष्ट. पोरगं खंगलं आसतं तर काट्यावर दिसलं नसतं का?"

माझ्या मनात यायलंतं की म्हणावं, अण्णा, चला, जे व्हईल ते व्हईल. पर फुलीचं भ्या मलाबी वाटलं. त्यांनी न्हाई म्हणलं तर श्रीशैलला शेवटचं दार बंद. मी भाकर आणखी कमी केली. चालणं वाढवलं. टेशनाकडं आता पळतच जायचे.

एक दिवस न्हाणीच्या उंबऱ्यात श्रीशैलचे पाय गेले. ऋतुजा ओरडली. मी पळत गेले, काखेत हात घातला अन् उचलला त्याला. एकटीनं. आधी दोघी मिळून आमाला जड जायचा तो. पाळण्यातल्या लेकरावानी उचलून खाटंवर आणला.

तो बघतच राह्यला. "आक्का, लय जोर आला गं तुज्यात."

"जोर कसला, तूच हलका झालास. हाडं लागायलीत तुजी."

तेवढं बोलले अन् उठलेच. सोमवारची वाट न बघता अण्णांना म्हणलं, ह्याचं वजन करा. दोघं धरून काट्यावर उभा केला.

बासष्ट.

"बघ," अण्णा म्हणले, अन् त्यांचा चेहरा उजळला. "उगं भ्या घालतीस. एक किलोबी पडलं न्हाई. तुजाच अंदाज चुकला."

मग मी चढले. अठ्ठ्याहत्तर. भाऊ तेवढाच, बहीण तेवढीच. मी माझ्या हाताकडं बघितलं. आडत्याची लेक हाय मी, हातानं उचललं की किलो सांगते. मग ह्याच्या बाबतीत हात कसा चुकला? पर काट्यापुढं हाताची काय बिशाद. मी खाली उतरले.

दिवाळी तोंडावर आली अन् श्रीशैलला रक्ताची उलटी झाली. भान सुटलं, ऋतुजाला ओळखंना. गाडी करून संभाजीनगर गाठलं. तिथं गेल्या गेल्या त्यांनी त्याच्या पोटातून पाणी काढलं. पिवळं, बाटल्याच्या बाटल्या. मी दारातून बघायलीते. पोट खाली जायलंतं अन् वर फासळ्या यायल्यात्या. मांड्या माझ्या मनगटावानी. चादर सरकली तेव्हा ऋतुजानं डोळे झाकून घेतले. नंतर वजन केलं. सेहेचाळीस.

अण्णांनी नर्सला दोनदा इचारलं, "किती?"

ओल्या कापसात हात घालून पाणी सांगणारा माझा बाप. पोटच्या पोराच्या अंगातलं पाणी त्यानं सोमवारच्या सोमवारी पास केलं.

माझीबी तपासणी केली त्यांनी, मी पाय धरले म्हणून. दुपारी डॉक्टर बाहेर आले. फोटो हातात व्हता. "तुमचं लिव्हर स्वच्छ आहे," म्हणले. "चरबी जवळजवळ नाहीच. काय केलंत तुम्ही?"

"पर डॉक्टर, वजन तर तेवढंच हाय की! एक किलो उतरलं न्हाई."

"राहतं तसं काही लोकांचं. चरबी गेली, तिच्या जागी ताकद आली. काट्याला त्यातला फरक कळत नाही. म्हणून तर मी तीन महिन्यांनी फोटो काढायला बोलावलं होतं. तेव्हाही लिव्हर बहुतेक चांगलंच सापडलं असतं."

"मग घ्या की! आत्ता घ्या, कापा मला. आर्धं न्या, समदं न्या." मी दवाखान्यात ओरडायलीते, लोकं बघायलीती, मला कशाची शुद्ध नव्हती.

"आता नाही," डॉक्टर म्हणले. "रक्तात जंतू पसरलेत, किडन्या बंद पडल्यात. हे ऑपरेशन तो सोसणार नाही. टेबलावरच जाईल." मग म्हणले, "दोन महिन्यांपूर्वी आणला असता तर मी केलं असतं."

अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. मी त्यांच्याकडं बघितलंबी न्हाई.

चौथ्या दिवशी घरी घेऊन जा म्हणले. मानवतला आणला. त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या टायमाला, श्रीशैल गेला. शेवटाला भान आलं व्हतं थोडंसं. माझा हात धरला अन् म्हणला, "आक्का, तू आता भात खात जा." बास. एवढंच.

आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं ठेवत न्हाईत. अंग ताठायच्या आत भिंतीला टेकून मांडी घालून बसवायचं, हातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवायचं, अन् तसाच बसलेला नेऊन मातीत ठेवायचा. स्वामी आले, म्हणले, "बसवा लवकर, उशीर नको." भाऊबंद पुढं झाले. एकानं दंड धरला, एकानं पाय. मान इकडून तिकडं लटकायली, कुणाला नीट धरता यीना. ऋतुजा किंचाळली, "अहो, हळू धरा, दुखल त्यांना!"

"सरका," म्हणलं मी.

बाई माणूस कसं, म्हणून कुणीतरी कुजबुजलं. मी बघितलं त्याच्याकडं तसा तो मागं झाला. मी वाकले, एक हात पाठीखाली घातला, एक गुडघ्याखाली, अन् माझ्या भावाला उचलला. धाप लागली न्हाई. हात थरथरला न्हाई. कशासाठी कमावला व्हता हा जोर मी, अन् कुठं कामाला आला.

समोर अण्णा उभे व्हते, कपाळाला विभूती, हातात फुलांचा हार. त्याला छातीशी धरून मी त्यांच्यापुढं तशीच उभी राह्यले.

"करा आता वजन," म्हणलं.

बापानं लेकीला हात जोडू न्हाईत. अण्णांनी जोडले. हार खाली पडला. मी श्रीशैलला भिंतीशी नेऊन बसवला अन् त्याची मान सरळ केली.