दिसाला उशीर झाला

हॅल घरी येण्याच्या सात-आठ मिनिटं आधी घरात कोणीतरी बूट काढत असे.

गराजमधून घरात शिरताना एक छोटी खोली लागायची, बूट आणि कोट ठेवायची. आवाज तिथून यायचा. आधी एक पाय झटकल्याचा, मग दुसरा. मग ओले बूट फरशीवर टेकवल्याचा. त्यानंतर काहीच नाही. आणि सात-आठ मिनिटांनी गराजचं दार खरंच वर जायचं आणि हॅल यायचा.

लतिका मूळची नागपूरची. अमेरिकेत, बॉथेलच्या एका औषध कंपनीत नोकरीला होती. हॅलशी लग्न होऊन तिला नऊ वर्षं झाली होती. तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांची मोजणी करायचा, त्यामुळे त्याची घरी यायची वेळ ठरलेली नसायची. आधीच्या अपार्टमेंटमध्ये तिला हा आवाज पाइपचा वाटला. मग त्यांनी घर घेतलं, तेही नवं कोरं, आणि पहिल्याच आठवड्यात तिथेही बूट वाजले. तेव्हा पहिल्यांदा तिच्या अंगावर काटा आला. पण रोजच्या गोष्टीची माणूस किती दिवस भीती धरणार? पुढे पुढे तो आवाज आला की ती चहाचं आधण ठेवायची. हॅल हात धुऊन येईपर्यंत चहा गाळून झालेला असे. ‘तुला कसं कळतं?’ असं त्याने एकदाही विचारलं नव्हतं. हे विचित्र आहे, असं तिला तेव्हा वाटलं नाही.

नोव्हेंबरमध्ये त्यांची सात वर्षांची मुलगी अनिका शाळेतून एक मोठा कागद घेऊन आली. त्यावर आपल्या कुटुंबाचा वृक्ष भरायचा होता. नागपूरची बाजू एका फोनवर भरली. लतिकाच्या आईने सात पिढ्यांची नावं घडाघडा सांगितली. हॅलच्या बाजूला मात्र त्याच्या वडिलांच्या वर कागद कोरा राहिला.

“आइसलँडचे होते, एवढंच माहितेय,” हॅल म्हणाला. “सिग्गा आत्याला विचार.”

“मग जाऊ या सगळे शनिवारी.”

“मला काम आहे,” तो म्हणाला, आणि नजर चुकवून उठून गेला.

सिग्गा आत्या हॅलच्या वडिलांची थोरली बहीण. वय पंच्याऐंशी. कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या ब्लेनमध्ये ती एकटी राहत असे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बरीच आइसलँडची कुटुंबं त्या किनाऱ्यावर येऊन राहिली होती. लतिका आणि अनिका पोचल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, पण धुक्यामुळे समोरचा समुद्र दिसत नव्हता. बेल वाजवण्याआधीच आत्याने दार उघडलं.

टेबलावर कॉफीचा थर्मास होता, आलुबुखाराच्या मुरंब्याचे थर दिलेला केक होता आणि चार कप होते.

“हॅल आलेला नाही, आत्या.”

“ठाऊक आहे.”

“मग चौथा कप?”

आत्याने अनिकाकडे पाहिलं. अनिका दाराजवळ बसून बूट काढत होती. तिच्या शेजारी फरशीवर पाण्याचं एक छोटं थारोळं होतं. बाहेर पाऊस नव्हता, आणि दोघींचे बूट कोरडे होते.

“मघाशी वाजलं,” आत्या म्हणाली. “तू आमच्या रक्ताची नाहीस, तुझ्या पुढे कोणी येत नाही. पण पोरगी आमची आहे.”

लतिका खुर्ची ओढून बसली. नऊ वर्षं जे तिने कोणापुढे काढलं नव्हतं, ते ही बाई केक कापता कापता बोलून गेली होती.

“हॅलच्या आधीही वाजतं,” ती म्हणाली.

“वाजणारच. तिचं नाव दिसा.”

आत्याने अनिकाला रंगीत खडू देऊन पलीकडच्या खोलीत बसवलं, आणि मग सांगायला लागली. तिच्या पणजोबांची आइसलँडमध्ये शेती होती. त्या काळी अनाथ पोरांना गावातर्फे शेतकऱ्यांच्या घरी वाटून देत. तशी दिसा त्यांच्याकडे आलेली. नऊ वर्षांची. बापाचं नाव कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. मेंढ्यांमागे जायची, तान्ह्या बाळाला सांभाळायची. एका वर्षी उन्हाळ्यातसुद्धा बर्फ हटेना, तेव्हा पणजोबांनी अमेरिकेला जायचं ठरवलं. गावाने सांगितलं, पोरीलाही घेऊन जा.

“बंदरावर सगळे उभे होते. जहाज लांब उभं, तिथपर्यंत होडीने जायचं. तेव्हा पणजी दिसाला म्हणाली, बाळाचे हातमोजे घरी राहिले, पळत जा आणि घेऊन ये. घर टेकडीपलीकडे. जायला दोन तास, यायला दोन तास.”

“आणि हातमोजे?”

“पणजीच्या खिशात होते.”

आत्याने थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं.

“ती परत आली तेव्हा शेवटची होडी निघाली होती. दिसा थांबली नाही. तशीच पाण्यात चालत गेली. लोकांनी हाका मारल्या म्हणतात. ती होडीकडे बघत चालत राहिली, आणि मग दिसेनाशी झाली. पणजीने हे होडीतून पाहिलं. पुढे इथे अमेरिकेत, डाकोटात, पहिल्या हिवाळ्यात, पणजोबा शेतावरून यायच्या आधी, दारात बूट वाजले. मरताना पणजीने हे सुनेला सांगितलं. आमच्यात ही गोष्ट बायकाच बायकांना सांगत आल्या. मला मुलगी नाही. म्हणून तुला सांगतेय.”

“पण ती आधी का येते?”

“एकदा उशीर झाला ना तिला.”

पलीकडच्या खोलीत अनिका कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. लतिका उठून गेली. अनिका एकटीच होती. कागदावर तिने पाण्यात उभी असलेली एक मुलगी काढली होती. पाणी तिच्या कमरेपर्यंत होतं.

“हे कोण, बाळा?”

“आय डोन्ट नो,” अनिका म्हणाली. “शी इज कोल्ड.”

निघताना आत्याने लतिकाचा हात धरला. “एक गोष्ट हॅलला नक्की सांग. माझे वडील मासेमारीच्या बोटीवर होते. एकदा पिऊन आले आणि दारात तिच्यावर ओरडले, परत जा म्हणून. ती गेली. चौथ्या दिवशी बोट निघाली. संध्याकाळी आई कॉफी मांडून बूट वाजायची वाट बघत बसली. बूट वाजले नाहीत, आणि वडीलही आले नाहीत. बूट पुन्हा वाजायला कितीतरी वर्षं गेली. तिला परत कोणी पाठवायचं नाही.”

लतिकाने हॅलला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. फक्त शेवटचं तेवढं गाळलं. तो रोज नद्यांच्या काठाने, डोंगरातल्या रस्त्यांवर काम करत असे. उगाच त्याच्या डोक्यात का घाला, असा तिने विचार केला.

हॅल ऐकत होता. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“सहा वर्षांचा होतो तेव्हापासून. वाटलं होतं, मी काही बोललो नाही तर माझ्यापाशीच संपेल.” त्याने अनिकाच्या खोलीकडे पाहिलं. “तिच्याही आधी वाजतं?”

“ब्लेनला वाजलं.”



बुधवारी लतिका स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. मागे चाहूल लागली म्हणून वळली तर हॅल उभा होता. ओट्यावर आधण नव्हतं. बूट वाजलेच नव्हते.

“आज काही ऐकू आलं नाही,” ती म्हणाली.

“येणार नाही.” त्याचा चेहरा दमलेला होता, पण हलकाही. “ट्रकमध्ये बसलो होतो, पार्किंगमध्ये. मोठ्याने बोललो तिच्याशी. म्हटलं, परत जा. माझ्या मुलीच्या मागे येऊ नकोस.”

लतिकाने हातातली सुरी ओट्यावर ठेवली. तिने गाळलेली गोष्ट आता त्याला सांगितली. सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. हॅल खाली बसला, आणि कितीतरी वेळ दोन्ही हातांनी तोंड झाकून बसून राहिला.

“हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू घाबरशील म्हणून.”

“तू सांगितलं असतंस तर मी...”

दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी टाकली. अनिकालाही शाळेत पाठवलं नाही. तिघं घरात बसून राहिले. इतकी वर्षं जो आवाज घरात नको असं लतिकाला मनातून वाटायचं, तो नसल्यामुळे आता तिला चैन पडेना. हॅल कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेला, तर तो येईपर्यंत ती बुटांच्या खोलीच्या दाराला कान लावून उभी राहिली. आत काहीच हललं नाही. फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती. तो सुखरूप आला, आणि दुधाची बाटली त्याच्या हातातून घेताना तिला रडू फुटलं.

शनिवारी ते ब्लेनला गेले. ओहोटी होती. धुक्यात वाळू लांबवर उघडी पडली होती, आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. आत्याला फोनवर सगळं सांगितलं होतं; ती काठी टेकत त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर आली.

“‘कोम्दू’ म्हण,” ती हॅलला म्हणाली. “म्हणजे ये. तेव्हा होडीतून कोणीतरी एवढंच म्हणायला हवं होतं.”

हॅल पाण्यापर्यंत चालत गेला. मग त्याने हाक मारली. “दिसा. कोम्दू.” धुक्यात हाक जिरून गेली. त्याने पुन्हा मारली, आणि पुन्हा. चाळिशीचा माणूस बूट भिजवत पाण्यात उभा राहून एका नऊ वर्षांच्या पोरीला हाका मारत होता.

लतिका त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिला ती भाषा येत नव्हती. “दिसा, ये गं,” ती म्हणाली. “ये बाळा. कोणी जात नाही. आम्ही थांबलोय.”

एक पक्षी ओरडला. बाकी काही झालं नाही. गाडीत बसल्यावर अनिका मागच्या सीटवरून म्हणाली, “इट्स अ लाँग वे, मम्मा. शी हॅज टू वॉक.”

पुढचे दिवस तसेच गेले. हॅल पुन्हा कामावर जाऊ लागला, पण कामासाठी एखाद्या पुलावर चढायच्या आधी, उतरल्यावर, निघताना फोन करायचा. आधी बूट न वाजता तो घरात येई, आणि तो आत आलेला दिसेपर्यंत लतिका हातातलं काम टाकून उभी असे. त्या आठवड्यात एकदा अनिकाच्या कागदावर, कोऱ्या राहिलेल्या बाजूला, लतिकाने आत्याच्या पणजोबा-पणजीची नावं लिहिली आणि त्यांच्या तान्ह्या बाळाशेजारी आणखी एक चौकोन काढून त्यात ‘दिसा’ लिहिलं. बापाच्या नावाची जागा मोकळीच ठेवली.

ब्लेनहून येऊन दोन आठवडे झाले होते. रविवारची दुपार होती. तिघं टेबलाशी बसून जेवत होते. बाहेर कोणीच जायचं नव्हतं, कोणी येणारही नव्हतं.

बुटांच्या खोलीत पाय झटकल्याचा आवाज झाला. मग दुसरा पाय.

हॅलचा घास हातातच राहिला. लतिकाने घड्याळाकडे पाहिलं. सात मिनिटं गेली. दहा गेली. गराजचं दार वर गेलं नाही. ज्यांनी यायचं ते सगळे आतच होते. आज ती कोणाच्या पुढे आली नव्हती. सगळे घरात असताना, सगळ्यांच्या मागून आली होती.

मग दाराखालून पाण्याचा ओघळ आत आला. दार बंदच होतं, आणि अलीकडच्या लाकडी जमिनीवर एक ओलं पाऊल उमटलं. अनवाणी, अनिकाच्या पावलाहून थोडं मोठं. त्यापुढे दुसरं. लतिकाने अनिकाला जवळ ओढून घेतलं. पावलं टेबलाजवळून गेली, जराशी थांबली, आणि अनिकाच्या खोलीत शिरली. परत येणारी पावलं उमटली नाहीत.

“शी इज टायर्ड,” अनिका म्हणाली, आणि पुन्हा जेवायला लागली.

त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हापासून बूट कोणाच्याच आधी वाजले नाहीत. ब्लेनलाही नाही, असं आत्या फोनवर म्हणाली. हॅल येतो तेव्हा आता लतिकाला कळत नाही. चहा उशिरा होतो.

आठवड्यातून दोन दिवस ती घरून काम करते. अनिका शाळेत, हॅल कामावर, आणि घरात आपण एकट्या नाही हे तिला पाठीला कळतं. कधी अनिकाच्या पलंगावरची चादर एका अंगाने गरम लागते. तिला भीती वाटत नाही असं नाही. पण दुकानात जायचं झालं, तरी ती आता दारातून न बोलता बाहेर पडत नाही. किल्ल्या घेते, बूट घालते, आणि रिकाम्या घराकडे वळून सांगते, “येते गं.”