नरक्याची साल

चारुशीलाने फ्लास्कचे कापसाचे बूच काढले आणि श्वास रोखून आतला तपकिरी द्रव गाळणकागदावर ओतला. मेलेल्या घुशीसारखा वास टेबलभर पसरला. काचेला धरलेला बुळबुळीत थर तिने कांडीने खरवडला. सहा महिन्यांत या वासाची सवय झाली होती, पण आजचा फ्लास्क वेगळा होता. या फ्लास्कात जंतू नव्हताच. होता तो फक्त नरक्याच्या सालीचा काढा, इतर फ्लास्कांत घालत तेवढाच.

नरक्याच्या सालीत आणि लाकडात कर्करोगावरच्या औषधाचे द्रव्य असते, म्हणून ही झाडे चोरून तोडली जातात. पोलादपूरच्या वर, तिला रानाची वाट दाखवणाऱ्या बनुबाईच्या डोंगरात, नरक्याच्या एका फांदीच्या आत चारुशीलाला तेच द्रव्य करणारा जंतू सापडला होता. तो बाटलीत वाढला तर झाड तोडायला नको. तेवढ्या एका गोष्टीवर महाडच्या या कारखान्याने तिच्यासाठी प्रयोगशाळा उभी केली होती. सहाव्या पिढीला जंतू सुस्तावला, तेव्हा त्याला चेतवायला खाद्यात थोडा सालीचा काढा घालू, असे तिनेच सुचवले. मग आणखी थोडा. नुसत्या काढ्याचा फ्लास्क त्याच दिवशी लावून पाहायला हवा होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे सांगावे लागत नाही. ती दर आठवड्याला पुढे ढकलत राहिली.

यंत्राच्या पडद्यावर रेघ सपाट सरकत होती. साडेसात मिनिटांवर त्या द्रव्याचा सुळका वर आला. जंतूच्या फ्लास्कांत येई तेवढाच उंच.

छापलेला कागद घेऊन ती मालकांकडे, देवव्रत सरांकडे गेली. उद्या पुण्याहून तपासणीला माणसे येणार होती आणि जंतू औषध करतो असे सांगणाऱ्या अहवालावर फक्त तिची सही राहिली होती. सर गाडीच्या किल्लीने कान कोरत होते. त्यांनी कागद पाहिला, किल्लीचे टोक पाहिले आणि ते खुर्चीच्या हाताला पुसले.

“मला वाटलंच होतं.”

“कधीपासून?”

“अहो, जंतू झाडातला, सालही झाडातलीच. औषध तर खरं आहे ना? सही करा आणि घरी जा. दमलेल्या दिसता.”

ते मायेने बोलत होते. त्याच हाताने त्यांनी अहवाल पुढे सरकवला. तिने तो कोपऱ्याला धरून उचलला. दारापर्यंत जाताना तिला क्षणभर सुटल्यासारखे वाटले आणि त्या वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली.

नव्या सालीची पोती पाहायला म्हणून ती स्टोअरमध्ये शिरली. गेले सहा महिने ती चिठ्ठी लिहून साल मागवत होती. ती कुठून येते हे तिने कधी विचारले नव्हते. काट्याशेजारी बनुबाई उकिडवी बसली होती. पोत्यातली साल बोटभर जाड होती. जुन्या झाडांचीच असते तशी.

“मावशी, ही तुमच्याकडची?”

“मंग कुनाची? कशेडीपल्याडून येपारी टेम्पो घेऊन येतात, पन येकाला हात लावू दिला नाय. म्हनलं, आमच्या बायच्या जंतूला लागते.” बनुबाई हसली. “लय खादाड हाय गो तुजा जंतू.”

“किती तोडलीत?”

“अकरा. वर झऱ्याकडं दोन र्‍हायलीत. तेवढ्यात सुधारंल ना त्यो?”

चारुशीला तिच्यासमोर खाली बसली. जंतू काही करत नाही, बाटलीत जे निघते ते सालीतलेच असते, असे तिने सोप्या शब्दांत, न थांबता सांगितले. बनुबाई ऐकत राहिली. गुडघ्यावरची सालीची कपची तिने झटकली.

“कवा कळलं?”

“आज.” चारुशीला थांबली. “आज पाहिलं. इतके दिवस पाहायचं टाळलं.”

बनुबाईने पोत्याचे तोंड सुतळीने आवळले आणि ते उचलायला वाकली, तेव्हा स्टोअरचे भिकाजी आडवे आले. काट्यावर चढलेला माल गेटपासशिवाय बाहेर जात नाही. परत पाठवण्याचे कारण लिहावे लागते आणि प्रती तीन निघतात: एक गेटवर, एक ऑफिसात, एक तपासणीच्या फायलीत.

“ओला माल म्हणून लिहा मॅडम,” ते म्हणाले. “तेच लिहितात सगळे.”

चारुशीलाने गेटपासचे पुस्तक ओढून घेतले, दोन्ही कार्बन नीट बसवले आणि पेन दाबून लिहिले: जंतू द्रव्य तयार करत नाही. द्रव्य सालीचे आहे. खाली पूर्ण नाव, तारीख, सही. भिकाजींनी वाचले आणि फायलीची प्रत फाडताना एकदा तिच्याकडे पाहिले.

गेटची प्रत तिने बनुबाईपुढे धरली. बनुबाईने ती हातात घेतली नाही. हनुवटीने पोत्याकडे खूण केली. चारुशीलाने कागद दुमडून सुतळीखाली खोचला आणि हात मागे घेतल्यावरच बनुबाईने पोते उचलले.