तिकडे रस्ता नाही

सुहासिनीला एक खोड होती. समोरचा जे म्हणेल ते तिला पटायचं, आणि त्याच्या बरोब्बर उलट म्हणणारा आला की तेही पटायचं. सांगलीला माहेरी या खोडीचं कौतुक झालं. गुणाची पोर, कधी कुणाशी वाद म्हणून नाही, असं आत्याबाई चारचौघांत सांगत. कलकत्त्याला संसार थाटल्यावर मात्र हीच खोड तिच्या चांगली अंगाशी आली.

झालं असं की, मुकुंदला बँकेत बढती आली. घेतली तर बदली पुण्याला. नाकारली तर इथेच, त्याच खुर्चीत, आणखी तीन-चार वर्षं तरी मुक्काम. मुकुंदने जेवताना ही बातमी सांगितली आणि भातावर वरण ओढून घेत म्हणाला, "मला दोन्ही चालेल. तू सांगशील तसं. फक्त सोमवारपर्यंत सांग, साहेबांना कळवायचंय."

आता हे कुणाला सांगावं? नवऱ्याला दोन्ही चालतंय, बायकोला दोन्ही पटतंय. अशा घराने पुढे सरकायचं तरी कसं?

पुणं म्हणजे मराठी बोलणारा भाजीवाला, आईचं सांगली एका बसच्या अंतरावर, संध्याकाळी पाचलाच अंधार नाही. छानच की. पण कलकत्ता सोडायचं म्हटलं की तिला ट्रामची घंटा ऐकू यायची. मुकुंद बँकेत गेला की ती ट्रामने निघे, मनाला येईल तिथे उतरे आणि पाय नेतील तिकडे भटके. बेंटिंक स्ट्रीटवरचे चिनी चांभार तिला ओळखीचं हसत. बाबूघाटावर पायऱ्यांवर बसून ती खारे दाणे खात जहाजं बघत बसे. पुण्यात ट्रामही नाही आणि जहाजंही नाहीत. म्हणजे राहावं. पण आई? म्हणजे जावं. असं तिचं दिवसभर चाले, आणि पोळ्या करपत.

त्यात आला गणेशोत्सव. साल चौऱ्याहत्तर. मराठी मंडळाच्या आनंदमेळ्यात यंदा श्यामरावांचं 'इलेक्ट्रॉनिक मेंदू'चं दालन होतं. श्यामराव जन्माने, वाढीने कलकत्त्याचे. गार्डन रीचला जहाजबांधणीत इंजिनिअर. मराठीत बोलताबोलता वैतागले की बंगालीत शिरत. शहरात तेव्हा काँप्युटरचं नाव काढलं की नोकऱ्या जातील म्हणून कारकून घोषणा द्यायला उभे राहत, पण काँप्युटर पाहिलेला माणूस विरळा. त्यामुळे श्यामरावांनी पुठ्ठ्याचा कपाटाएवढा खोका केला, त्याला चंदेरी कागद चिकटवला, वर बॅटरीवरचा लाल दिवा बसवला आणि पुढे दोन फटी ठेवल्या. वरच्या फटीत खेळणाऱ्याने चिठ्ठी टाकायची, खालच्या फटीतून उत्तराचं कार्ड बाहेर. आत मेंदू म्हणून दोन बायका: श्यामरावांची बायको प्रेमलता आणि सुहासिनी.

खेळ असा. तुम्ही शहराच्या मधोमध, एस्प्लनेडला उभे आहात. हावड्याहून मुंबई मेल पकडायची आहे. आधी तुम्ही कोण ते ठरवा: फेरीवाला, कॉलेजकुमार की नवी सून. मग चिठ्ठीवर लिहा, उजवीकडे वळतो, ट्राममध्ये चढतो, समोरच्या दुकानात शिरतो. यंत्र सांगेल तिथे काय दिसतं, कोण भेटतं. दर चिठ्ठीला प्रेमलता तारेवरचा एक मणी सरकवणार. मणी संपेपर्यंत स्टेशन गाठलं नाही, तर गाडी सुटली.

गल्ल्या आणि माणसं लिहायचं काम सुहासिनीकडे आलं. लिहायला बसली आणि थांबेचना. चहाचा ठेला लिहिला की त्यामागचा बोळ लिहावासा वाटे, बोळ लिहिला की बोळातली मांजर. नवी सून गेली तर चहावाला काय म्हणेल आणि फेरीवाला गेला तर काय म्हणेल, तेही वेगवेगळं. बुटांच्या खोक्यात कार्डं मावेनात तेव्हा श्यामरावांना रंगीत तालमीचं सुचलं.

तालमीला मंडळाचे सेक्रेटरी खेळायला बसले. त्यांनी चिठ्ठी टाकली. आत दोघी कार्ड शोधायला लागल्या. चौरंगीच्या खाली ठेवलंय की धरमतल्याच्या? सापडलं तोवर सेक्रेटरी खुर्चीत मान टाकून घोरत होते.

"की मुश्किल!" श्यामराव खोक्याच्या मागच्या पडद्यातून डोकं आत घालून म्हणाले. "वहिनी, यंत्र म्हणजे काय? चिठ्ठी टाकली, दिवा लागला, उत्तर बाहेर. लोकांनी रांगेत जांभया द्यायच्या असतील तर त्यांना रेशनच्या दुकानात पाठवू. मोजकी कार्डं ठेवा. एस्प्लनेड ते हावडा, सरळ."

"बरोबर आहे," सुहासिनी म्हणाली.

"काय बरोबर आहे?" प्रेमलता कडाडली. "सरळच जायचं तर खेळ कशाला, टॅक्सी करावी माणसाने! अहो, मजा भटकण्यातच आहे ना. थोडं थांबतील लोक."

"तेही बरोबर आहे," सुहासिनी म्हणाली.

शेवटी श्यामरावांनीच कार्डं चाळली आणि मूठभर बाजूला काढली. बाकीची बुटांच्या खोक्यासकट सुहासिनीच्या घरी, पलंगाखाली गेली. आणि जे कार्ड नसेल ते कुणी मागितलं तर काय? त्यासाठी श्यामरावांनी स्वतःच्या सुबक अक्षरात एकच उत्तर लिहून त्याचा गठ्ठा केला: 'तिकडे रस्ता नाही.'

मेळ्याच्या संध्याकाळी यंत्र धडाक्यात चाललं. चिठ्ठी आत, दिवा लाल, कार्ड बाहेर. लोक टाळ्या पिटत होते. प्रत्येक जण भराभर हावड्याला पोचत होता आणि बाहेर श्यामरावांची छाती फुगत होती. सुहासिनीला आत घाम फुटला होता, पण तिलाही वाटलं, श्यामरावांचंच खरं. काय झरझर चाललंय!

मग एका शाळकरी मुलीची चिठ्ठी आली. मराठी अर्धं बंगाली वळणाचं, पण मागणं स्पष्ट: नदीवर जाऊन बसते. घाटाचं कार्ड पलंगाखाली होतं. दाण्याच्या पुडीसकट, जहाजाच्या भोंग्यासकट. सुहासिनीने गठ्ठ्यातलं कार्ड उचललं आणि फटीतून सरकवलं. तिकडे रस्ता नाही. बाहेरून "अच्छा" असा बारीकसा आवाज आला. मुलीने पुढच्या चिठ्ठीत मुकाट्याने ट्राम पकडली आणि ती जिंकली.

सुहासिनीला फार वाईट वाटलं. रस्ता होता. ती स्वतः गेल्याच आठवड्यात तिथे बसली होती. खोटं बोलल्यासारखं वाटलं, आणि मग लगेच वाटलं, पण पोरगी जिंकली ना? खूशच झाली ना? मग बिघडलं कुठे? काही कळेना. डोकं नुसतं भणभणायला लागलं.

तेवढ्यात बाहेर हशा पिकला. कुणीतरी थोराड बाप्या माणूस 'नवी सून' व्हायचं म्हणत होता.

प्रेमलताने चिठ्ठी घेतली आणि हसू दाबत दाखवली. अक्षर बघताच सुहासिनी ताठ झाली. बँकेत दिवसभर सह्या करून करून चपटं झालेलं ते अक्षर. मुकुंद! मेळ्यात येऊन वर्तमानपत्र वाचत बसणारा मुकुंद रांगेत उभा राहिला होता.

पहिली चिठ्ठी: ट्राममध्ये चढत नाही. दुसरी: हावड्याच्या उलट दिशेला चालू लागते. तिकडे रस्ता नाही, असं उत्तर गेलं. तिसरी चिठ्ठी प्रेमलताने वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे कुठलं गं? 'एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत, ज्या घड्याळजीकडे सांगलीची वेळ दाखवणारं घड्याळ आहे, त्याच्या दुकानात जाते.' असं कार्ड तू लिहिलं होतंस?"

सुहासिनीने लिहिलं नव्हतं. कारण असं दुकानच नव्हतं.

लग्न होऊन इथे आली तेव्हाची गोष्ट. पहिले कित्येक महिने ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. भाषा येईना, रस्ते कळेनात, आणि थंडीत पाच वाजताच दिवस बुडाला की तिला हुंदका फुटे. सांगलीला या वेळी अंगणात ऊन असतं, हे राहून राहून मनात येई. पण रात्री मुकुंदने "आज काय केलंस?" असं विचारलं की, नुसती खिडकीत बसले होते, असं कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून ती रचून सांगायची. आज इकडे गेले, आज तिकडे गेले. त्यातच एकदा हा घड्याळजी आला. म्हातारा आहे, त्याच्या भिंतीवर प्रत्येक गावचं घड्याळ आहे, सूर्य जसा मावळतो तशी वेळ दाखवणारं. सांगलीचंही आहे, आपल्यापेक्षा तासभर मागे चालतं. मुकुंद "हं" म्हणाला होता आणि आमटी वाढ म्हणाला होता. नंतर ती खरंच भटकायला लागली आणि घड्याळजीला विसरून गेली. आणि तो "हं" म्हणणारा माणूस इतकी वर्षं ते दुकान डोक्यात घेऊन फिरत होता!

"दे ना ते रस्ता नाहीचं कार्ड," प्रेमलता म्हणाली.

सुहासिनीने गठ्ठ्याकडे हात नेला. संध्याकाळभर तिने असलेल्या रस्त्यांना नाही म्हटलं होतं. हा एकच रस्ता खरोखर नव्हता, आणि नेमकं हेच कार्ड तिच्या हातून सुटेना. दिलं तर खरं बोलल्यासारखं होईल. पण मग मुकुंदला काय वाटेल? आणि नाही दिलं तर पुन्हा तेच, जेवणाच्या ताटावरचं खोटं. एरवी तिला दोन्ही बाजू पटायच्या. या खेपेला एकही पटेना.

तिने कोरं कार्ड ओढलं आणि लिहायला लागली. बाहेर लाल दिवा लागून राहिला. गल्ली लिहिली, दुकानाची लाकडी पायरी लिहिली, म्हाताऱ्याच्या डोळ्यावरचं भिंग लिहिलं. रांग चुळबुळायला लागली. "अहो, गरम झालं वाटतं मशीन!" कुणीतरी ओरडलं. श्यामरावांनी पुठ्ठ्यावर बोटं वाजवली. "वहिनी, स्पीड! स्पीड!" कार्ड बाहेर गेलं.

चिठ्ठी आली: सांगलीच्या घड्याळात किती वाजले?

'चार,' तिने लिहिलं. 'तिथे अजून ऊन आहे.'

पुढची: म्हाताऱ्याला विचारते, हे बिचारं मागे का चालतं?

'तो म्हणतो, मागे नाही हो. सावकाश चालतं.'

मुकुंद काही केल्या दुकानातून निघेना. तो म्हाताऱ्याचा चहा प्यायला, नागपूरचं घड्याळ विचारून झालं, पुण्याचंही झालं. प्रेमलता मणी सरकवत होती आणि रांगेतली माणसं कंटाळून शेजारी भेळेकडे पांगत होती. शेवटचा मणी सरकला. सुहासिनीने 'गाडी सुटली' हे कार्ड दिलं. हरणाऱ्यासाठी केलेलं ते एकच कार्ड होतं आणि संध्याकाळभर कुणाला लागलं नव्हतं.

मग आणखी एक चिठ्ठी आत आली. 'आता?'

गाडी सुटल्यावर काय, हे तिने लिहिलंच नव्हतं. कुणाला सुचलंच नव्हतं. तिने पेन्सिल खाली ठेवली, पडदा सारला आणि ती सरळ बाहेर आली. श्यामराव "अहो, मेंदू कुठे चालला?" म्हणत राहिले.

मुकुंद हातात कार्डं धरून उभा होता. पत्ते धरावेत तशी नीट लावून. तिने त्याला मंडपाच्या कडेला नेलं.

"अहो, ते दुकान नाहीये." एका दमात बोलून टाकलं नाही तर जमणार नाही, हे तिला ठाऊक होतं. "मी रचून सांगितलं होतं. तेव्हा मी कुठेच जात नव्हते. घाबरायचे. तुम्ही विचारायचात म्हणून काहीबाही सांगायचे."

मुकुंदने कार्डांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "नाहीये?"

"नाही."

"तरीच!" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम सुटला. "अगं, मी जाऊन आलोय तिथे. जेवणाच्या सुटीत. एकदा तुझ्या वाढदिवसाच्या आधी, ते घड्याळ विकत मिळतंय का बघायला. मग परत गेलो. पानवाल्यांना विचारलं, एका घड्याळजीने तर मला वेड्यात काढलं. मला वाटलं, मीच चुकीच्या गल्लीत शिरतोय. तुला विचारायची लाज वाटली. तू सांगत होतीस तेव्हा लक्ष नव्हतं, असं वाटलं असतं तुला. आज म्हटलं, यंत्राला विचारावं."

सुहासिनीला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. ज्या माणसाला आपलं ऐकूच येत नाही असं धरून ती तीन वर्षं ट्रामने एकटी हिंडली, तो भर दुपारी, ऑफिसच्या कपड्यात, तिच्या थापेचा पत्ता विचारत हिंडत होता. आणि त्याच गल्ल्यांतून तीही हिंडत होती. एकदाही गाठ पडली नव्हती. तिला त्याची इतकी माया आली की मंडपात माणसं आहेत हेही तिच्या ध्यानात राहिलं नाही. तिने त्याची बाही घट्ट धरली.

खोक्यातला दिवा पुन्हा लागला होता. प्रेमलता एकटीच कार्डं फेकत होती आणि लोक पुन्हा भराभर हावड्याला पोचत होते.

"मग?" मुकुंद म्हणाला. "सोमवारी साहेबांना काय सांगू?"

तिने सवयीने पुण्याची बाजू आठवून पाहिली. आई आठवली. ती बाजू काही खोटी नव्हती.

"सांगा, इथलं एक काम राहिलंय," ती म्हणाली.

"कुठलं?"

"ते दुकान शोधायचंय. दोघांनी मिळून."

मुकुंद गोंधळला. "अगं, पण ते नाहीये म्हणालीस ना?"

"नाहीये ना," सुहासिनी डोळे पुसत म्हणाली. "म्हणून तर वेळ लागेल."