एक घर पुढे सरकलेला कर्सर

डेल्सी देवगडला, बंदराच्या वरच्या अंगाला राहायची. भाषांतराच्या कामातून वेळ मिळाला की ती आसपासच्या बायकांची गाणी रेकॉर्ड करून ठेवी. संगणकावर तिला शेल आवडायचा. काळी खिडकी, तीत आज्ञा टाइप करायची, की काम झालं. जगभरची माणसं हौसेने घडवत असलेला तो शेल कुणाच्याही मालकीचा नव्हता.

त्या दुपारी समुद्र असा निवांत होता की होड्या हवेत टांगल्यासारख्या दिसत होत्या. ‘नर्मदा २’ हे शेजारच्या नर्मदामावशीच्या गाण्याचं फसलेलं रेकॉर्डिंग डेल्सी पुसायला गेली. नाव टाइप केलं, तर शेवटी एक भलतंच अक्षर तरंगत राहिलं. तिने ते खोडलं. पडद्यावर दोनचा आकडा शाबूत दिसत होता, शेलच्या आत मात्र तोच पुसला गेला होता. एंटर दाबलं आणि चांगलं रेकॉर्डिंग, ‘नर्मदा’, गेलं.

ती धावतच नर्मदामावशीकडे गेली. मावशी अंगणात सुपारी कातरत होती.

“गेला तर गेला गो. गाणा माज्याकडे आसाच. बस हंय, परत म्हणतंय.”

गाणं परत मिळालं. पण प्रत्येकाची मावशी थोडीच अशी हाकेच्या अंतरावर असते? डेल्सीने शेलच्या पानावर तक्रार नोंदवली. कुठल्याशा बर्फाळ गावातून शेल सांभाळणाऱ्या ओस्करचं उत्तर आलं, “माझ्याकडे असं होत नाही. सर्वांत छोटं उदाहरण द्याल?”

ती नाव कमी करत गेली. शेवटी नुसता ‘र्म’ उरला. जोडाक्षरातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या हलन्तालाही, म्हणजे पाय मोडल्याच्या खुणेलाही, शेल वेगळं घर देत होता. म्हणून कर्सर एक घर पुढे सरकत होता.

ओस्करने दुरुस्ती केली. कर्सर जागेवर आला, पण आता एका फटक्यात अख्खं जोडाक्षर खोडलं जाऊ लागलं.

“वेलांटी चुकली म्हणून आम्ही अक्षर टाकून देत नाही,” तिने लिहिलं. “आतल्या आत सुधारतो.”

“हे मला सुचलं नसतं. तेवढा भाग तुम्हीच लिहाल?”

दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमला तिने कधी हात लावला नव्हता. कितीतरी दुपारी ती त्यात बुडून गेली. डोळे मिटले की भरतीच्या पाण्यावर काने, मात्रा, उकार सुटे सुटे डुलताना दिसायचे, आणि ती एकेक ओंजळीत धरून आपापल्या अक्षराला नेऊन द्यायची. अखेर जमलं. चूक पुन्हा शिरू नये म्हणून चाचणीसाठी एक शब्द हवा होता. तिने लिहिलं, ‘व्हाळ’.

ओस्करने तिचं काम शेलमध्ये सामील केलं, आणि विचारलं, “या शब्दाचा अर्थ काय?”

“डोंगरातून येणारा ओढा. पाऊस सरला की हळूहळू आटतो.”

“आत्ता वाहतोय?”

डेल्सी खुर्चीतून उठली. मग चपला घालून काजूंच्या झाडांमधून खाली व्हाळावर उतरली. पाणी घोट्याइतकंच होतं. त्यावर तरंगणारं एक पिवळं पान दगडाशी अडलं, गिरकी घेऊन सुटलं. तिने चपला काठावर काढल्या आणि पाय आत सोडले. ओस्करला काय सांगायचं ते तिला ठाऊक होतं, पण घाई नव्हती.