नमस्कार मात्र कावळ्याला

मी मॅगपाय पक्षीण बोलतेय. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्समध्ये, साताऱ्याहून आलेल्या शुभाच्या घरामागच्या उंच झाडावर माझं घरटं आहे. पांढरं पोट, लांब शेपूट, पंखांवर निळी झाक. एवढं रूप असूनही मी जन्मभर जळले, ती एका काळ्याकुट्ट कावळ्यावर.

माणसांनी माझ्याबद्दल काय काय ठरवून ठेवलंय! शेजारची कॅथलीन आजी मूळची आयर्लंडची. मी एकटी दिसले की दुःख येतं म्हणे, ते टळावं म्हणून ती मला घाईघाईनं सलाम ठोकते. शुभाचा नवरा प्रल्हाद तर मला बघताच म्हणाला, "अरे, ही आपल्याकडच्या टकाचोर पक्ष्याची बहीण दिसते!" पुढच्याच आठवड्यात त्यांच्या लेकीचं, दीपाचं, कानातलं हरवलं. आळ माझ्यावर! ते सोफ्याखाली सापडलं, पण मला सॉरी कुणी म्हटलं नाही.

कावळा ओरडला की मात्र शुभा हसायची. "आज कुणीतरी येणार बघ." मी ओरडले की खिडकी बंद.

शहाण्णव सालच्या सप्टेंबरात तिच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. आजारपणाची बातमी भावानं, संजयनं, उशिरा कळवली. त्यामुळे तिला शेवटची भेट मिळाली नव्हती. तेव्हापासून तिनं भावाशी बोलणंच टाकलं होतं.

तिनं घरामागच्या लाकडी डेकवर पान ठेवलं. भात, वडे, खीर. मी झेपावले.

"हाड! चोर मेली!" शुभानं पेपरची गुंडाळी उगारली.

एवढ्यात कावळा आला आणि ती हात जोडून मागे सरली. माझ्या अंगाची आग झाली. मला नाही, तर तुलाही नाही! मी त्याला टोचून हाकललं. तो पुन्हा आला, मी पुन्हा हाकललं. दुपार कलली.

"मॉम, द मॅगपाय इज चेसिंग हिम," दीपा म्हणाली. पण शुभाचं लक्ष नव्हतं.

"अण्णा, काय राहिलंय मनात?" ती पुटपुटली. "आईला इकडे आणीन. दीपाला मराठी शिकवीन." पान तसंच. मग तिनं पुन्हा हात जोडले. "बरं... दादाशी बोलेन. आजच फोन करेन."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात मेल्या कावळ्यानं वडा उचलला!

संध्याकाळी तिनं साताऱ्याला फोन लावला. "दादा..." एवढंच म्हणाली आणि रडत सुटली.

पुढच्या उन्हाळ्यात संजय आईला घेऊन आला. शुभानं त्याला कुंपणावरचा कावळा दाखवला. "ह्यानं घास घेतला, म्हणून फोन केला रे."

संजयनं कावळ्याला हात जोडले. मी शेजारच्याच फांदीवर होते.

आता माझी पिसं विरळ झालीत, लांबवर उडवत नाही. मला पान नको, नमस्कारही नको. शुभा भेटली तर तिला एवढंच सांगा: कावळ्याला मी लगेच खाऊ दिलं असतं, तर दादाचं नाव तिच्या तोंडी आलंच नसतं.