सोंग भिजता कामा नये

गेल्या वर्षी बंगळुरूच्या विमानतळावर उज्वलाची बॅग पट्ट्यावरून फिरत समोर आली, तेव्हा वरून ती ठीकच दिसत होती. चाकांपाशी थोडं पाणी ठिबकत होतं, एवढंच. पण प्रदर्शनाच्या हॉलमध्ये जाऊन तिने चेन उघडली आणि भिजलेल्या रद्दीचा वास भपकन नाकात शिरला. आतली सगळी सोंगं गेली होती. गणपतीची सोंड चेहऱ्यापासून निसटून बाजूला पडली होती. वेताळाच्या नाकाला बोट लावलं तर बोट आत रुतलं. रंग एकमेकांत मिसळून तळाशी तपकिरी चिखल झाला होता. बाकीच्यांची टेबलं कशी गच्च भरलेली, आणि ही आपली मोकळ्या टेबलामागे बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मोबाइलवर फोटो दाखवत होती. फोटो बघायला किती जण थांबणार?

सोंगं म्हणजे बोहाड्याच्या उत्सवात चेहऱ्यावर बांधून नाचतात ते देवादिकांचे मोठमोठे मुखवटे. उज्वलाचे सासरे पुंजाराम, घरचे आबा, यांनी पेठकडच्या गावांसाठी आयुष्यभर ती केली. कागदाचा लगदा, त्यात मेथीची पूड आणि चिंचोक्याची खळ. वाळलं की लाकडासारखं घट्ट होतं, पण पाण्यापुढे त्याचं काही चालत नाही. मुलगा सोमनाथ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात लागला, तसं घर पंचवटीत पेठ नाक्यापाशी आलं. सोमनाथला या कामाची गोडी नव्हती. उज्वला मात्र लग्न होऊन आली आणि वर्षभरातच सासऱ्यांच्या शेजारी पाट टाकून लगदा मळायला बसली.

यंदा बंगळुरूहून पुन्हा बोलावणं आलं. तारखा पुन्हा ऑगस्टच्याच. विमानाचं तिकीट ते लोक काढणार होते. रेल्वेने जायचं तर जाण्यायेण्यात दिवस मोडणार, आणि आबांना इतके दिवस एकटं ठेवणं शक्य नव्हतं. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण आहे ते आवाजावरून.

"जा की," आबा म्हणाले. "बारकी सोंगं घेऊन जा. भिजली तर भिजली."

"आबा, मी नरसिंह नेणार आहे."

आबांचा हात चहाच्या कपावर थांबला. नरसिंह हे त्यांनी नजर शाबूत असताना केलेलं शेवटचं सोंग होतं. परातीएवढा चेहरा, भोवती तारेवर उभी केलेली आयाळ, जबड्यातून बाहेर आलेली जीभ. डोळे रंगवताना त्यांनी उज्वलालाही जवळ येऊ दिलं नव्हतं.

"नाय," ते म्हणाले. "वेताळाचं काय झालं ते ऐकलंय मी. परत तसं काय झालं, तर मला आता दुसरा करता येनार हाय का?"

"भिजू दिला नाही तर?"

"पाऊस तुला इचारून पडतो व्हय?"

उज्वलाने वाद घातला नाही. नरसिंह एवढा मोठा, की तो हातातल्या बॅगेत मावणं शक्य नव्हतं. तो जाणार तो सामानातच, आणि सामान विमानापर्यंत उघड्या गाडीवरून जाणार, तिथे आपला हात पोचणार नाही. मग आपला हात पोचतो तोवर काय करता येईल, ते तिने मनाशी धरलं. त्याच दुपारी तिने गेल्या वर्षीची बॅग माळ्यावरून खाली काढली, आत कोरडी वर्तमानपत्रं भरली, वरून पावसाळी कव्हर चढवलं आणि बॅग भर पावसात गच्चीवर ठेवून दिली.

संध्याकाळी उघडली तर वरचे कागद कोरडे, खालचे ओलेचिंब.

शेजारची छाया पिशव्या आणि रेनकोट शिवायची. तिने बॅग उलटी करून निरखली. "अगं, पाणी वरून आलंच नाही. चाकं बसवलीत ना, त्या स्क्रूच्या भोकांतून वर चढलंय. बॅग पाण्यात उभी राहिली की संपलं. आणि शिवण म्हणजे तरी काय, सुईची भोकंच की."

उज्वलाने एम-सील मळून चाकांची सगळी भोकं बुजवली. तळाला थर्माकोलची जाड पाटी घातली. दिंडोरीकडे तिच्या मावसभावाची द्राक्षबाग होती. पावसापासून वाचवायला बागेवर अंथरतात त्या जाड प्लास्टिकचा उरलेला तुकडा तिने त्याच्याकडून मागवला. छाया शिवायला निघाली, तर हिनेच तिला थांबवलं. "शिवू नको, तूच म्हणालीस ना." मग दोघींनी करवतीचं पातं मेणबत्तीवर तापवून प्लास्टिकच्या कडा चिकटवल्या आणि दोन मोठ्या पिशव्या तयार केल्या. एकीच्या पोटात दुसरी बसेल अशा.

आता आत कागद नाही, तर लगद्याचा एक साधा, न रंगवलेला चेहरा ठेवला. बॅग परत गच्चीवर गेली. दुसऱ्या दिवशी उघडली तेव्हा बाहेरचं पाणी एक थेंबही आत आलं नव्हतं. तरी पिशवीला आतून दव धरलं होतं आणि चेहरा दमट लागत होता.

"हे कुठून आलं आता?" उज्वला वैतागून खाली बसली.

आबा दारातल्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. इतके दिवस त्यांनी या खटाटोपाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आज ते म्हणाले, "त्याच्याच अंगातलं पानी हाय ते. आधी सुकवायला पायजे. रंग-रोगन वरून असतं, आतून सोंग उघडंच राहतं. हवेतली ओल पीत राहतं. गावाला चुलीवरच्या माळ्याला टांगायचो आम्ही."

"इथे चूल कुठली, आबा?"

"जुनं कपाट हाय ना लाकडाचं? त्यात तळाला पिवळा बल्ब लाव. पन लय ऊब नको. रंगाला तडे जातील."

कपाटातले कपडे खाटेवर आले आणि कपाटात बल्ब लागला. सोमनाथ पाळीवरून आला, त्याने वायर तपासली, एक घट्ट होल्डर बसवून दिला. मग आबा आपली खुर्ची ओढून कपाटासमोर बसले. मधूनमधून दार किलकिलं करून ते आत हात घालत, ऊब जोखत, सोंगाच्या आतल्या बाजूवर तळवा फिरवत. "आता इझव," म्हणत. थोड्या वेळाने, "लाव." जेवणसुद्धा त्यांनी तिथेच मागून घेतलं.

एकेक सोंग असं सुकून निघालं. नरसिंह अजून भिंतीवरच होता. शेवटी आबांनी स्वतःच विचारलं, "त्याला कधी आत ठेवनार?"

उज्वला स्टुलावर चढली आणि तिने तो अलगद खाली उतरवला. मग कपाटाचं दार उघडलं.

बॅग भरायच्या दिवशी सोमनाथने एक मुद्दा काढला. "पिशवीचं तोंडही मेणबत्तीने चिकटवलंस आणि विमानतळावर उघडायला लावली, तर? परत बंद कशी करणार?"

ते खरं होतं. मग तिने तोंड चिकटवलं नाही. पिळा दिला, दुमडलं, परत दुमडलं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी त्यावर करकचून आवळली. आत फडक्यात बांधलेले भाजक्या तांदळाच्या पुरचुंड्या ठेवल्या, राहिलीसाहिली ओल ओढून घ्यायला. तिच्या स्वतःच्या साड्यांना पिशवीत जागा उरली नाही. त्या तिने बॅगेच्या कडेला कोंबल्या.

ओझरच्या विमानतळावर पोचली तेव्हा पाऊस कोसळत होता. यंत्रातून बॅग गेली आणि सुरक्षेच्या बाईंनी तिला बाजूला बोलावलं. आयाळीतली तार पडद्यावर दिसली होती.

"उघडून दाखवावी लागेल."

उज्वलाने ट्यूब सोडली, एकेक पिशवी उलगडली. नरसिंहाचा जबडा वर आला तशा त्या बाई अर्धं पाऊल मागे सरल्या, आणि मग हसल्या. "बापरे! हे काय आहे?" म्हणत त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या हातमोज्यावर आधीच्या कुणाच्या तरी भिजल्या बॅगेचं पाणी होतं.

"मॅडम, थांबा!" उज्वलाचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. पण ती मागे हटली नाही. "तपासा, हवं तेवढं तपासा. पण मोजे कोरडे घाला. कागदाचं आहे, आणि करणाऱ्या माणसाला आता दिसत नाही. परत होणार नाही हे."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग मोजे काढून टाकले, नवे घातले, तार बोटांनी चाचपली आणि मान हलवली. उज्वला पुन्हा पिळा देऊन दुमडायला लागली, तेव्हा ट्यूब आवळायला दुसरं टोक त्यांनीच धरलं.

विमानाला उशीर झाला. काचेपलीकडे सामानाची गाडी पावसात उभी होती, तिच्यावर ताडपत्री होती, पण वाऱ्याने अर्धी उडालेली. उज्वलाची निळी बॅग नेमकी उघड्या बाजूला. ती काउंटरवर गेली आणि तिथल्या मुलीला म्हणाली, "ती ताडपत्री ओढायला सांगा ना." मुलीने फोन लावला. कुणी आलं नाही. उज्वला परत गेली. "ताई, परत एकदा सांगा." तिसऱ्या वेळी ती काउंटरपाशीच उभी राहिली, हललीच नाही. अखेर रेनकोट घातलेला एक माणूस गाडीपाशी धावत गेला आणि त्याने ताडपत्री ओढून खाली बांधली. तोवर बॅग भिजायची ती भिजली होती.

बंगळुरूलाही पाऊस होताच. पट्ट्यावरून बॅग आली, ती उचलताच पाण्याची धार तिच्या चपलेवर पडली. उज्वलाने ती तिथे उघडली नाही. टॅक्सीत ती बॅगेवर हात ठेवून बसून राहिली. हॉलमध्ये आपल्या टेबलामागे जमिनीवर मांडी घालून बसली आणि मगच चेन ओढली.

साड्या पिळून काढण्याइतक्या ओल्या होत्या. बाहेरच्या पिशवीवर पाणी साचलं होतं, ते तिने ओढणीने पुसून घेतलं. आतली पिशवी बोटांना कोरडी लागली. तिने आत हात घातला, आबा घालायचे तसा, आणि नरसिंहाच्या आतल्या बाजूवर तळवा फिरवला. खरखरीत, कोरडा, थंड कागद.

तिने घरी फोन लावला. सोमनाथने तो आबांच्या कानाशी धरला.

"आबा, आलाय. कोरडा आलाय."

मग आबा म्हणाले, "तू मला बरं वाटावं म्हनून सांगशील. वाजव त्याला. फोन जवळ धर."

तिने नखाने नरसिंहाच्या कपाळावर टिचकी मारली. टण्ण.

"गालावर."

टण्ण.

"जिभंवर मार. जीभ पातळ हाय, ओल असली तर तिथंच कळंल."

जिभेचा आवाज बारीक निघाला, पण स्वच्छ. आबांनी सोडलेला श्वास तिला फोनमधून ऐकू आला.

"मधोमध ठेव त्याला," ते म्हणाले. "आन लोकांनी हात लावला तर लावू दे. त्याला काय व्हत नाय."

उज्वलाने डोळे पुसले, प्रवासातला चुरगळलेला ड्रेस न बदलताच टेबलावर कापड अंथरलं आणि नरसिंह मधोमध उभा केला. शेजारच्या टेबलावरची दोन माणसं लगेच उठून जवळ आली. फोन अजून चालूच होता.

"उज्वला," आबांचा आवाज आला. "पुढच्या साली रावन नेता येईल का गं? दहा तोंडं हायेत त्याला."

तिने ओल्या बॅगेकडे पाहिलं. दहा तोंडं एका आडव्या रांगेत, म्हणजे ही बॅग काही कामाची नाही.

"नेऊ की," ती म्हणाली. "पण आबा, तोंडं सुटी करावी लागतील, परत जोडता येतील अशी. बसवताना तुम्ही शेजारी बसायचं."